खर्जाचा हिशोब : मंडपात वाजवायला बास गिटार कोणती घ्यावी?



आपल्या गायन पथकांत बास गिटारचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास येतात. पहिला, हे परदेशी वाद्य आपल्या गाण्यात कशाला? दुसरा, कीबोर्डवाला डाव्या हाताने बास वाजवतोच की, मग वेगळा माणूस आणि वेगळा खर्च का? तिसरा आक्षेप बहुधा आपल्याच शिकल्या-सवरलेल्या मित्रांकडून येतो. घ्यायचीच असेल तर ओरिजनल अमेरिकन घ्या, स्वस्तातली घेऊन काय उपयोग? मी एका गायन पथकात गेली सहा वर्षे बास वाजवतो. सुरुवातीची वर्षे मागून आणलेल्या वाद्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी पथकाने स्वतःची बास घ्यायचे ठरवले आणि वस्तीतून पंचवीस हजार रुपये जमा केले. त्यात नाक्यावर काम करणाऱ्यांचे शंभर-शंभर रुपये होते, बचतगटातल्या मायमाउल्यांचे पन्नास-पन्नास होते. अशा पैशाने वाद्य घ्यायचे म्हणजे रुपयाचा हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब आणि या तिन्ही आक्षेपांची उत्तरे मांडण्यासाठी हा लेख.

पहिला आक्षेप आमच्या पथकात सर्वात ज्येष्ठ शाहीर काकांनी घेतला होता. काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी त्यांना विचारले, "काका, तुमच्या पुढ्यातली पेटी कुठली?" हार्मोनियम युरोपातूनच इकडे आली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत पूर्णपणे टिकून होती. शास्त्रीय संगीतातल्या मोठमोठ्यांना ती परकी आणि अपुरी वाटत होती. पण त्याच काळात जलशांनी, तमाशांनी, कव्वालांनी, भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. वाद्य कुठून आले यापेक्षा ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या बाजूने बोलते, हे आपल्या लोकांनी जास्त महत्त्वाचे मानले. बासलाही हाच न्याय लावा.

आणि खर्ज आपल्याला परका आहे का? शाहिराच्या मागे तुणतुणे एकाच तारेवर षड्ज धरून उभे असते. ढोलकीची धुमाची बाजू तळाशी घुमत असते. बास गिटार ही दोन्ही कामे एका ठिकाणी आणते. सुराचा पाया धरते आणि तालाचा ठेकाही सांगते. काकांना मी एवढेच म्हणालो, "हे चार तारांचे तुणतुणे समजा." काका हसले. आक्षेप त्यांनी मागे घेतला नाही, पण "वाजवून दाखव, मग बघू" म्हणाले. कार्यकर्त्याला एवढी संधी पुरते.

या वाद्याचा इतिहासही आपण माहीत करून घेतला पाहिजे. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर नावाच्या माणसाने 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. हा माणूस रेडिओ दुरुस्त करणारा होता, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी बँडमध्ये माणसाच्या उंचीचा, उभा धरायचा डबल बास असे. तो वाहून नेणे कठीण आणि ढोल-पिपाण्यांच्या गर्दीत ऐकू येणे त्याहून कठीण. फेंडरने वाद्य गळ्यात अडकवता येईल असे केले, मानेवर पट्टे बसवले म्हणजे सूर नेमका लागेल, आणि आवाज विजेवर मोठा केला. 'प्रिसिजन' म्हणजे अचूकता, ते नाव या पट्ट्यांवरून आले. म्हणजे हे वाद्य जन्मालाच आले ते प्रवासात वाजवणाऱ्या, गर्दीत वाजवणाऱ्या कामकरी कलावंतांसाठी. दिवाणखान्यासाठी नव्हे.

आणि ते मोठे कोणी केले? डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत जेम्स जेमरसन नावाचा कृष्णवर्णीय वादक होता. साठच्या दशकात मोटाउनची जी गाणी जगभर वाजली, त्यातल्या कितीतरी गाण्यांचा खर्ज त्याचा. तो तर्जनीच्या एकाच बोटाने वाजवायचा, १९६२ च्या प्रिसिजन बासवर, जाड सपाट तारांवर. पण मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावेच छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर जेमरसनचे नाव आले, तोवर एक दशक उलटून गेले होते. १९८३ मध्ये तो वारला आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला २००० साली. इमारत उभी राहते ती पायावर, पण कोनशिलेवर पायातल्या दगडांची नावे नसतात. ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच आमच्या पथकात नियम आहे की निवेदक गायकाचे नाव घेतो तसेच ढोलकी, हलगी, कीबोर्ड आणि बास वाजवणाऱ्याचेही घेतो.

आपल्याच देशात चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतले गाना गायक, पराई आणि त्याच मंचावर गिटार, बास, ड्रम. पराई बासमुळे दबली नाही, उलट तिला उभे राहायला जमीन मिळाली. आपल्या हलगीला ती का मिळू नये?

आता दुसरा आक्षेप, कीबोर्डचा. ऑर्केस्ट्राच्या काळापासून आपल्याकडे डाव्या हाताचा बास चालत आला आहे. पण कीबोर्डवाल्याला गाण्याचे पीस वाजवायचे असतात, गायकाला सूर द्यायचा असतो, मध्येच ताल बदलायचा असतो. डावा हात मग नुसते 'सा-प सा-प' करत राहतो. बासची खरी ताकद सूर कुठे सुरू होतो यात जेवढी, तेवढीच तो कुठे थांबतो यात असते. ढोलकीवाल्याने धुमावर मिंड घेतली की बासने तिथे गप्प बसायचे असते. थाप पडली की तिच्याबरोबर सूर तोडायचा असतो. हे बोटांना तारेवर जमते. शिवाय एक सरळ गोष्ट, बासमुळे पथकात आणखी एका मुलाला किंवा मुलीला काम मिळते. चळवळीत माणसे जोडायची असतात, कमी करायची नसतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण त्यात उतरंड दडलेली आहे. अमेरिकन वरचे, जपानी त्याखालचे, इंडोनेशियाचे त्याखालचे आणि चीनचे सर्वात तळाचे! जन्मस्थानावरून वाद्याची जात ठरवायची. एका मोठ्या दुकानात आम्ही पथकाचे चौघे गेलो, तेव्हा तिथल्या विक्रेत्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि काही विचारण्याआधीच कोपऱ्यातल्या रांगेकडे बोट दाखवले, "तुमचे बजेट तिकडे." चांगली बास हातात घेऊन बघायला मागितली तर म्हणाला, "घेणार असाल तरच काढतो." आम्ही तिथून निघालो. पण त्याचे उत्तर रागाने देता येत नाही, ज्ञानाने देता येते. भरीव लाकडाच्या विजेवरच्या वाद्यात आवाज मुख्यतः ठरतो तारांवर, पिकअप कुठे आणि कसला आहे यावर, वाजवणाऱ्याच्या बोटांवर आणि पुढच्या स्पीकरवर. महागड्या वाद्यात जुळणी अधिक काटेकोर असते, सुटे भाग अधिक टिकाऊ असतात, हे खरे आहे आणि मान्य करायला हवे. पण आज इंडोनेशियात बनलेली मध्यम किमतीची बास, नीट सेटिंग करून घेतली तर, मंडपात कोणाच्याही पुढे उभी राहू शकते.

आता मुद्द्याचे. आमच्या कामाला नेमके काय लागते, याची यादी आम्ही दुकानात जाण्याआधी वहीत लिहिली होती. तुम्हीही लिहा.

एक, गाण्याचे प्रकार. एका रात्रीत वंदना, पोवाडा, कव्वालीच्या अंगाचे गाणे, लोकगीताच्या चालीवरचे भीमगीत आणि शेवटी पोरांचे रॅप. एकाच वाद्याने हे सगळे निभावले पाहिजे.

दोन, गायकांच्या पट्ट्या. याचा विचार परदेशी सल्ल्यांत कुठेच सापडत नाही. बासच्या चार मोकळ्या तारा म्हणजे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. आमचे पुरुष गायक गातात काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये, बाया गातात काळी चार नाहीतर काळी पाचमध्ये. म्हणजे षड्जासाठी मोकळी तार कधीच मिळत नाही! रात्रभर डाव्या हाताने तार दाबूनच वाजवायची. काळी एकचा षड्ज दुसऱ्या जाड तारेवर चौथ्या पट्टीत, काळी चारचा सर्वात जाड तारेवर चौथ्या पट्टीत. त्यामुळे मान हाताला सोयीची आणि तारा पट्टीच्या जवळ असणे ही चैन ठरत नाही, ती गरज आहे.

तीन, साउंड सिस्टिम. सर्वात जाड मोकळ्या तारेचा सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो. गावातल्या भोंग्यातून तो येत नाही, मंडपातल्या लहान बॉक्समधूनही धड येत नाही. तिथे ऐकणाऱ्याच्या कानात बास पोचते ती वरच्या कंपनांमधून, म्हणजे मधल्या आवाजातून. म्हणून नुसती 'घुम्म' करणारी बास आपल्या कामाची नाही, मधला आवाज ठाम असलेली हवी. याच कारणाने पाच तारांची बास आम्ही नाकारली. तिची सर्वात जाड तार ३१ कंपनांची. आपल्या सिस्टिमवर ती ऐकूच येणार नसेल तर तिचे पैसे का मोजायचे?

चार, वीज. जनरेटर, मर्क्युरी दिवे, एकाच बोर्डवर लटकलेल्या दहा पिना. एका वेटोळ्याचा पिकअप असला की अशा ठिकाणी सतत 'हंऽऽ' येत राहते.

पाच, दुरुस्ती. रात्री बारा वाजता तालुक्याच्या गावी काही बिघडले तर तिथल्या तिथे जुळले पाहिजे.

ही यादी समोर ठेवून प्रकार तपासले. बासमध्ये पिकअपचे मुख्य घराणे दोन. प्रिसिजनचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप, जो १९५७ पासून चालत आला. त्याचा मधला आवाज भरीव आणि त्याची रचनाच अशी की विजेची गुणगुण आपोआप कापली जाते. दुसरा जॅझ बासचा, १९६० चा. दोन बारीक पिकअप, आवाज स्वच्छ, टोकदार, बोटांची हालचाल स्पष्ट ऐकू येते. पण दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तरच गुणगुण जाते, एकच ठेवला की परत येते. या दोघांचा संगम म्हणजे 'पी-जे'. पुढे प्रिसिजनचा, मागे जॅझचा. आमच्या कामाला हाच सर्वात लवचीक वाटला. पोवाड्याला पुढचा पिकअप पूर्ण आणि टोन अर्धा बंद. रॅपला दोन्ही उघडे. जनरेटर फार कुरकुरला तर मागचा सरळ बंद करायचा आणि पुढच्यावर रात्र काढायची.

दुसरा प्रश्न ऍक्टिव्ह की पॅसिव्ह? ऍक्टिव्ह बासमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, खर्ज-मध्य-तार वाद्यावरच कमी-जास्त करता येतात. सोय मोठी आहे. पण केबल लावून ठेवली की बॅटरी संपत राहते आणि संपत आली की आवाज फाटतो. सायरच्या व्ही-७ सारख्या काही बासमध्ये पॅसिव्हवर जायचा खटका असतो, अनेकांत नसतो. पॅसिव्ह बासमध्ये आत असते काय? पिकअप, दोन-तीन पॉट, एक कपॅसिटर, एक जॅक. आमच्या वस्तीत मिक्सर-टीव्ही दुरुस्त करणारा भाऊ ते उघडून रिव्हणीने जुळवू शकतो. लिओ फेंडर तरी दुसरे कोण होता? आम्ही पॅसिव्हवर शिक्कामोर्तब केले.

आमच्यासमोर शेवटी तीन नावे उरली. स्क्वायर ऍफिनिटी मालिकेतली पी-जे, यामाहाची टीआरबीएक्स १७४ आणि आयबानेझची एसआर ३०० ई. आयबानेझची मान सगळ्यात बारीक, वजन हलके, लहान हाताला फार गोड. पण ती ऍक्टिव्ह. स्क्वायरचा आवाज आवडला, पण आम्हाला मिळालेल्या नगाच्या पट्ट्यांची टोके हाताला लागत होती. हा दोष त्या एका नगाचा, कंपनीचा नव्हे, हे लक्षात ठेवा. यामाहा पी-जे, पॅसिव्ह, मानेवर हात सहज फिरत होता, आणि बास घेऊनही डीआय बॉक्स, केबल, पट्टा, जाड बॅग आणि ट्यूनर यांना पैसे उरत होते. आम्ही ती घेतली. तुमच्या दुकानात तुमच्या हाताला दुसरी लागली तर दुसरी घ्या. नाव बघून घेऊ नका, नग बघून घ्या.

नग कसा बघायचा? आधी केबल न लावता वाजवा, नुसत्या लाकडावर आवाज घुमला पाहिजे. प्रत्येक तार प्रत्येक पट्टीत दाबा, कुठे खरखर किंवा मेलेला सूर आहे का पाहा. पातळ तारेवर पाचवी ते सातवी पट्टी विशेष तपासा. बाराव्या पट्टीवर तार दाबून सूर घ्या, मग तिथेच नुसता स्पर्श करून घ्या, ट्यूनरवर दोन्ही सारखे आले पाहिजेत. पहिली आणि शेवटची पट्टी दाबून मधे सातव्या-आठव्या पट्टीशी व्हिजिटिंग कार्डाएवढी फट आहे का बघा. पॉट फिरवा, करकर नको. जॅक हलवा, आवाज तुटता कामा नये. पट्टा लावून पंधरा मिनिटे उभे राहा, कारण कार्यक्रम तीन तासांचा असतो. आणि तुमच्या गायकाच्या पट्टीत वाजवून बघा. यासाठी दुकानदार वेळ देत नसेल तर दुकान बदला. धोबी तलावापासून आपापल्या शहरापर्यंत दुकाने अनेक आहेत, पैसा आपला आहे. जुनी बास घेत असाल तर मानेला पीळ आहे का आणि आतली सळई फिरायला जागा उरली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

डीआय बॉक्सबद्दल दोन शब्द, कारण इथे पथके पैसे वाचवतात आणि आवाज घालवतात. बासची साधी केबल वीस-पंचवीस मीटर ओढून मिक्सरपर्यंत नेली की आवाज मरतो आणि गुणगुण वाढते. डीआय बॉक्स तो आवाज माइकच्या केबलवरून शाबूत नेतो. पॅसिव्ह बासला ऍक्टिव्ह डीआय चांगला. तो मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतो. गुणगुण आली तर त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. आवाजासाठी कुणाचा जीव धोक्यात घालायचा नाही.

पावसाळ्यात मान किंचित वाकते, तारा वर येतात. ऍलन कीने सळई पाव फेरा फिरवून ती जुळते, ते शिकून घ्या. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, गंज येत नाही.

आणखी एक. पथकात बास शिकायला एक मुलगी पुढे आली तेव्हा काहींनी तिला "तुझे हात लहान, तुला तीस इंची बास लागेल" असे सांगून परत पाठवायला पाहिले. चौतीस इंची बास हे प्रमाण माप. तीस इंची वाईट नाही, पण बाईला हीच जमेल म्हणणे हा शुद्ध पूर्वग्रह. अमेरिकेत कॅरल के या बाईने साठच्या दशकात स्टुडिओत प्रिसिजन बासवर जे काम केले, ते पुरुषांना आजही अभ्यासावे लागते. आमची ताई आज चौतीस इंचीवरच वाजवते. पुढच्या चौदा एप्रिलला अर्धा कार्यक्रम तिच्या हाती असेल.

ती बास पथकाच्या मालकीची आहे, माझ्या नाही. नोंदवहीत तिचा नंबर आहे, पावती आहे, कोणी कधी नेली याची सही आहे. शाहीर काका अजूनही तिला "तुमचे ते तुणतुणे" म्हणतात, पण परवा तालमीत मला म्हणाले, "बाळा, दुसऱ्या कडव्यात जरा थांबतोस ना, तिथे माझा शब्द नीट पोचतो." बास घ्यायची ती यासाठीच. आपला शब्द शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचावा, आणि तो पोचवताना वस्तीचा एकही रुपया पाटीवर उधळला जाऊ नये.

तुमच्या पथकाने काय घेतले, काय चालले, काय मोडले, ते लिहा. हे ज्ञान दुकानदारांच्या काउंटरमागे राहता कामा नये.

जयभीम!